थीम विकली म्हणून विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही

प्रश्न : मी खारघरला राहतो आणि तुर्भ्याच्या गाळ्यातून शिलाई मशिनचे सुटे भाग विकतो. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर आहे, मदतीला एक मुलगा आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइटवरून वर्डप्रेसची (वेबसाइट चालवणारे सॉफ्टवेअर) थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, 5,900 रुपयांना घेतली. जाहिरातीत ‘वूकॉमर्सशी पूर्ण सुसंगत, लाइफटाइम अपडेट, एक वर्ष सपोर्ट’ असे लिहिले होते. यंदा जानेवारीत वूकॉमर्स (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवणारा जोड-प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर कार्ट आणि चेकआउटची पाने कोरी दिसू लागली. सपोर्टचे म्हणणे, ‘तुमची आवृत्ती बंद केली आहे, नवीन थीम विकत घ्या.’ रिफंड मागितला तर ‘डिजिटल माल परत घेत नाही, शिवाय जीपीएल लायसन्समध्ये वॉरंटी नसते’ असे उत्तर आले. वर या ऑगस्टमध्ये ‘सपोर्ट नूतनीकरण’ म्हणून कार्डावरून 2,360 रुपये आपोआप कापले गेले. साइट बसवणाऱ्या मुलाने थीमच्या फाइलमध्ये थोडे बदल केले होते, त्याचा फटका बसेल का? आणि हीच थीम मेव्हण्याच्या साइटवर वापरली तर चालेल का?

उत्तर : तुमची बाजू चांगली आहे. मात्र तिचा कमकुवत दुवा तुम्ही स्वतःच सांगितला आहे : फाइलमध्ये केलेले बदल. विक्रेत्याचा वकील सुरुवात तिथूनच करील. म्हणून नोटिशीचा कागद हातात घेण्याआधी दोष नेमका कोणाचा, हे तुम्ही पक्के करून घ्या. हे काम एका दिवसाचे आहे आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

होस्टिंगवर साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठी वेगळी नक्कल, तयार करा. चालू साइटला हात लावू नका. तुमच्या खात्यातून थीमची मूळ झिप फाइल पुन्हा उतरवा आणि स्टेजिंगवर तीच बसवा, मुलाने बदललेली नको. वूकॉमर्स सोडून बाकी सगळे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) बंद करा आणि कार्ट उघडून पाहा. पान अजूनही कोरे असेल तर तुमच्या बदलांचा प्रश्नच उरत नाही, दोष विकलेल्या मालात आहे. मूळ थीमवर पान नीट चालले तर प्लगइन एकेक करून सुरू करा, शेवटी बदललेल्या फाइल टाका आणि कुठे मोडते ते पाहा. ते तुमच्याच बदलांमुळे मोडत असेल, तर रिफंडचा दावा तिथेच सोडून द्या असे मी स्पष्ट सांगेन. तेव्हा हाती उरेल ती आपोआप कापलेल्या पैशांची तक्रार.

आणखी दोन ठिकाणी पुरावा आयता मिळतो. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर खालच्या भागात टेम्प्लेट्सची यादी असते. थीमने वूकॉमर्सच्या ज्या फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात त्या तिथे दिसतात, आणि फाइल जुनी असेल तर तिची आवृत्ती आणि वूकॉमर्सची चालू आवृत्ती शेजारी शेजारी छापलेली असते. कार्ट-चेकआउट मोडण्याचे हे नेहमीचे कारण आहे : वूकॉमर्स पुढे गेले, थीमवाल्याने आपल्या फाइल जुन्याच ठेवल्या. दुसरी जागा डीबग लॉगची, म्हणजे चुकांची नोंद ठेवणाऱ्या फाइलची. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग सुरू करा, स्क्रीनवर दाखवणे बंद ठेवा आणि कार्टचे पान उघडा. लॉगमध्ये ‘फेटल एरर’च्या ओळीत फाइलचा पूर्ण पत्ता येतो. त्या पत्त्यात थीम्सच्या फोल्डरचे नाव आहे की प्लगइन्सच्या, यावरून कोणाकडे बोट दाखवायचे ते ठरते. होस्टिंगवाल्याने त्याच सुमारास पीएचपीची (वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती बदलली होती का, हेही विचारून घ्या. पीएचपी 7 मध्ये चालणारी काही जुनी फंक्शन्स 8 मध्ये काढून टाकली आहेत, आणि थीमवाले हे कारण हमखास पुढे करतात. पण विक्रीच्या पानावर पीएचपी 8 चालते असे लिहिलेले असेल, तर ते कारणही त्यांच्याच अंगावर उलटते.

ही तपासणी तुम्हाला ओळखणाऱ्या मुलाकडून करून घेऊ नका. तिऱ्हाईत वेब डेव्हलपरकडून करून घ्या आणि त्याचा दोन पानी अहवाल सहीनिशी घ्या. तो पुढे प्रतिज्ञापत्रावर देता येतो. स्क्रीनशॉट आणि लॉगच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) नोंदवायची असते. तोच डेव्हलपर दुसरा भाग भरू शकतो, म्हणून दोन्ही कामे एकदम उरकून घ्या. विक्रीच्या पानाची प्रत आजच काढून ठेवा. पान बदलले असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये गेल्या ऑगस्टच्या आसपासची प्रत सापडते का ते बघा. खरेदीच्या दिवशी तुम्हाला काय सांगितले होते, यावरच हा सगळा वाद ठरणार आहे.

आता विक्रेत्याच्या सबबींकडे वळू.

‘डिजिटल माल परत घेत नाही’ ही सबब निर्दोष मालापुरती ठीक आहे. आवडली नाही म्हणून थीम परत करायला निघालात तर विक्रेता नाही म्हणू शकतो, कारण उतरवलेली फाइल खऱ्या अर्थाने परत येत नसते. पण सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेल्या मालाला ही सबब लागू होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 हे डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून स्वतःचाच माल विकणाऱ्याला नियम 7 लागतो : माल किंवा सेवा सदोष असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर पैसे परत करायला नकार देता येत नाही. थीम बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून घेतली असती तर हेच बंधन नियम 6 खाली तिथल्या विक्रेत्यावर आले असते.

जीपीएलची सबब ऐकून बरेच जण गप्प बसतात, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. जीपीएल म्हणजे कोड कोणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणारे लायसन्स. वर्डप्रेस जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि थीमचा पीएचपी कोडही त्याच लायसन्सखाली येतो, असेच वर्डप्रेसचे म्हणणे आहे. त्या लायसन्सच्या कलम 11 मध्ये वॉरंटी नाही असे लिहिले आहे, हेही खरे. पण त्या कलमाची सुरुवातच प्रोग्रॅमचे लायसन्स विनामूल्य दिले जाते या कारणाने होते, आणि लागू कायदा परवानगी देईल तिथपर्यंतच हा नकार, अशी मर्यादाही त्यातच आहे. उलट कलम 1 सांगते की पैसे घेऊन वॉरंटी द्यायची असेल तर खुशाल द्या. विक्रेत्याने तुमच्याकडून 5,900 रुपये कशाचे घेतले? कोड सर्वांना मोकळा आहे असे तोच म्हणतो, म्हणजे पैसे सुसंगतीच्या हमीचे, अपडेटचे आणि वर्षभराच्या सपोर्टचे. सपोर्ट ही सेवा आहे आणि ती वर्ष संपायच्या आत, पाचव्याच महिन्यात, नाकारली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मधली ‘सेवेतील त्रुटी’ ती हीच.

‘लाइफटाइम’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. तो उत्पादनाच्या आयुष्यापुरता, असे विक्रेता म्हणेल आणि ग्राहक आयोगाला ते पटूही शकते. उत्पादन कायमचे चालवत राहण्याची सक्ती कोणावर होत नाही. तुमची बाजू भक्कम होते ती दुसऱ्या मुद्द्यावर : तीच थीम थोड्या फेरफाराने नव्या नावाने विकायची आणि जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा पैसे मागायचे, असे दाखवता आले तर. दोन्ही थीमच्या चेंजलॉग (प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांच्या नोंदी) आणि फाइल डेव्हलपरकडून ताडून घ्या.

मोठा कायदेशीर अडथळा वेगळाच आहे. तुम्ही थीम धंद्यासाठी घेतली, तेव्हा तुम्ही ‘ग्राहक’ आहात का? ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला जातो. अपवाद आहे तो स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका कमावण्यासाठी माल वापरणाऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात हा अपवाद समजावून सांगितला आहे; हाताखाली एखाददुसरा माणूस असला म्हणून तो जात नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये पॉली मेडिक्युअरच्या प्रकरणात मात्र, कंपनीने आपल्या व्यवहारांसाठी घेतलेले सॉफ्टवेअर हा व्यापारी हेतू आहे, असे त्याच न्यायालयाने ठरवले. समोरचा वकील हा निकाल नक्की दाखवेल. तुमचे वेगळेपण तक्रारीतच मांडले पाहिजे : एकट्याची मालकी, घर याच उत्पन्नावर चालते, साइट स्वतः सांभाळता. सोबत उद्यम नोंदणी आणि प्राप्तिकर विवरणाच्या प्रती जोडा. हे वाक्य तक्रारीत नाही म्हणून चांगले दावे पहिल्याच तारखेला पडतात.

याच कारणासाठी बुडालेल्या धंद्याचे लाखोंचे आकडे लिहू नका. तो आकडा सिद्ध करणे कठीण असतेच, शिवाय ‘एवढा नफा बुडाला’ म्हणताना तुम्ही स्वतःच व्यापारी हेतू कबूल करून बसता. 5,900 रुपये व्याजासह, कापलेले 2,360, दुरुस्तीला डेव्हलपरला दिलेली रक्कम बिलासह, त्रासापोटी माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढेच मागा.

कापलेल्या पैशांचे काम आजच करा. बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅंडेटच्या (आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांच्या) यादीतून हा मॅंडेट रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी होती. आली नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि कार्डाचा व्यवहार म्हणून चार्जबॅकही (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत) मागा. चार्जबॅकची मुदत थोडी असते, तिथे वेळ घालवू नका. ई-कॉमर्स नियमांत आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती घ्यायला मनाई आहे, आणि 2023 च्या डार्क पॅटर्न (गिऱ्हाइकाला चकवणारी वेबसाइटची रचना) मार्गदर्शक सूचनांत सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आला आहे. खरेदीच्या वेळी नूतनीकरणाच्या चौकटीत तुम्ही स्वतः खूण केली होती का, हे आठवून बघा. केली असेल तर ही मागणी तक्रारीत घालू नका.

आता क्रम. आधी विक्रेत्याच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव शोधून त्याला ईमेल करा. त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. नाव दिलेलेच नसेल तर तो वेगळा नियमभंग, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करा. पुष्कळ छोटे वाद तिथेच मिटतात. महिना संपल्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने 15 दिवसांची नोटीस द्या. तरीही काही झाले नाही तर ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही.

कुठे दाखल करायची? खारघर सिडकोच्या नवी मुंबईत असले तरी जिल्हा रायगड, म्हणजे तिथल्या पत्त्यावरून तुमची तक्रार अलिबागला जाईल. पण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे स्वतः उपजीविकेचे काम करतो, तिथेही तक्रार करता येते. तुर्भे ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे बेलापूरच्या कोकण भवनातला ठाणे अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोग तुम्हाला निवडता येईल. गाळ्याचा भाडेकरार किंवा वीजबिल जोडा. विक्रेत्याच्या अटींत ‘वाद फक्त पुण्यात’ किंवा ‘लवादाकडेच’ असे असेल तर घाबरू नका. लवादाचे कलम ग्राहक आयोगाचा रस्ता अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ प्रकरणात 2018 मध्ये मान्य केले आहे. फक्त तक्रारीत ‘अनुचित करार’ असा मथळा देऊ नका. तो विषय जिल्हा आयोगाच्या कक्षेत नाही, राज्य आयोगाकडे जातो. तुमचा मुद्दा ‘सदोष माल, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ एवढाच ठेवा. मुदत कार्ट बंद पडली त्या जानेवारीपासून दोन वर्षांची आहे.

मेव्हण्याच्या साइटबद्दल : पीएचपी कोड जीपीएलखाली असेल तर तो दुसऱ्या साइटवर चालवणे हा गुन्हा नाही. पण पुष्कळ विक्रेते लायसन्स दोन तुकड्यांत देतात. कोड जीपीएल, आणि डिझाइनच्या फाइल, चित्रे, फॉन्ट यांना एकाच साइटची परवानगी. अपडेट आणि सपोर्टची लायसन्स कीसुद्धा बहुधा एका डोमेनला बांधलेली असते, आणि सोबत आलेल्या स्लायडर किंवा पेज बिल्डरचे हक्क तर त्याहून मर्यादित असतात. खात्यातली लायसन्सची फाइल वाचा. तुमचा वाद मिटेपर्यंत ती लायसन्स की दुसरीकडे वापरू नका, नाहीतर विक्रेत्याला तुमच्यावरच अटी मोडल्याचा आरोप करायची संधी मिळेल. मेव्हण्याला फुकट मिळणारी ‘नल्ड’ (लायसन्सची तपासणी काढून टाकलेली) थीम मात्र मुळीच घेऊ देऊ नका. तिच्यात साइट हॅक करणारा कोड घुसवलेला सापडतो. शिवाय चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब खाली गुन्हा आहे आणि त्याला सात दिवस ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे.