रात्रीचा मुक्काम होडीत: आधी तिथी, मग पिशवी

गेल्या डिसेंबरात पौर्णिमेला दाभोळच्या खाडीत होडीवर राहिलो. रात्री बारा वाजता दीड वाव पाणी बघून नांगर टाकला. पहाटे पाचला होडी चिखलात कलंडलेली! तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणाला, "गाळ वाढलाय." खरं कारण काय?
— पुणे

गाळाचा दोष असेलही, पण पौर्णिमेचा जास्त. पंचांगातल्या तिथीचा पाऊणपट केला की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आगेमागे. म्हणजे तुम्ही नेमक्या भरलेल्या खाडीत नांगर टाकलात, तेही उधाणाच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या भरतीच्या वेळी. दीड वाव म्हणजे पावणेतीन मीटर. त्यातलं दोनेक मीटर पाणी सहा तासांत उतरलं की होडीच्या बुडाला उरतं काय? (हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरा आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा.)

होडी ओहोटीत रुतली तर पुढच्या भरतीला बहुधा सुटते. उधाणाच्या अगदी माथ्यावर काठावर चढली, तर मात्र पुढच्या भरत्या रोज उतरत्या, आणि कधीकधी पंधरा दिवस वाट बघावी लागते.

मुक्कामासाठी अष्टमी निवडा. भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, पाण्याला ओढ कमी. संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी, म्हणजे झोपण्याआधीच तळाला किती पाणी उरतं ते डोळ्यांनी दिसतं. तारे बघायचे असतील तर कृष्ण अष्टमी. चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवत नाही.

नांगराचा दोर किती लांब हवा?
— अलिबाग

होडी टेकू नये म्हणून ओहोटीची खोली मोजायची, दोर मात्र भरतीच्या खोलीवर मोजायचा. ओहोटीला 4 मीटर पाणी, भरतीची वाढ 2 मीटर, पाण्यापासून नाळेपर्यंतची (होडीच्या पुढच्या टोकापर्यंतची) उंची 1 मीटर: झाले 7. त्याच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर दोर सोडा. वारा असेल तर सातपट. मुंबई-अलिबागकडे उधाणात पाणी 4 ते 5 मीटर चढतं, तिथे दाभोळचा 2 मीटरचा हिशेब चालणार नाही. नांगराला आधी पाचेक मीटर साखळी जोडा. ती तळावर पडून राहते, ओढ आडवी ठेवते, म्हणून फाळ चिखलात रुततो. आखूड दोराने नांगर वर उचलला जातो आणि होडी सरकते.

दोर सोडल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एखादं माडाचं झाड आणि मागचा दिवा. वीस मिनिटांनी रेषा मोडली तर नांगर सरकतोय. पण पाणी फिरलं की होडीही फिरते, तेव्हा खुणा पुन्हा धरायच्या. आणि रात्रभर उंचावर एक पांढरा दिवा चारही बाजूंनी दिसेल असा लावलाच पाहिजे.

पाच जण, एक रात्र. सामान काय, किती?
— नाशिक

चाकांची बॅग आणू नका, ती होडीत कुठेच मावत नाही. मऊ पिशव्या, आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि दहिवर पडतं. पहाटे गोधडी पिळून काढावी इतकी ओली होते. म्हणून स्वेटर, कानटोपी आणि माणसांच्या डोक्यावर बांधायला ताडपत्री.

पाणी माणशी 3 लिटर पिण्याला, वर सगळ्यांच्या मिळून स्वयंपाकाला 5 लिटर. एकाच जारमध्ये सगळं नको. जार फुटला की संपलंच. रात्रीच्या जेवणाला भात-आमटी ताजी करा, पण सकाळसाठी दशम्या आणि लसणाची चटणी. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, भांडी लागत नाहीत. बर्फाचा चुरा नको, लादी घ्या, हळू वितळते.

शेगडी उघड्यावरच पेटवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळात साचतो आणि इंजिन सुरू करतानाची ठिणगी पुरते. सकाळी आधी तळाची झाकणं उघडून वास घ्या, मग किल्ली फिरवा.

शौचासाठी झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा विसरू नका, हे विचारायला लोक लाजतात.

मुलांची लाइफ जॅकेटं होडीवाल्याकडे असतात ना?
— ठाणे

असतात, बहुधा मोठ्यांची. मुलाच्या अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर उचला. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते उपयोगाचं नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. शिटी बांधा. होडीचा परवाना आणि त्यात लिहिलेली प्रवासीसंख्या बघायला संकोच करू नका. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

वाशिष्ठीच्या, म्हणजे दाभोळच्याच खाडीत मगरी आहेत. मासे साफ करून घाण होडीलगत टाकू नका आणि काठावर पाय सोडून बसू नका, दिवसाही.