मॉडेलिंग किंवा छायाचित्रणात करिअर करायचे आहे, पण त्यासाठी स्वतःची प्रेरणा कशी शोधावी?

तुम्ही लिहिले आहे की वाणिज्य शाखेची पदवी नुकतीच हाती आली आहे, मॉडेलिंग आणि छायाचित्रण ही दोन्ही क्षेत्रे खुणावत आहेत, कोणाचे तरी काम पाहिले की चार दिवस अंगात उत्साह संचारतो आणि पाचव्या दिवशी तो ओसरतो. शिवाय घरच्यांनी ‘हेच का करायचे आहे?’ असे विचारले की तुम्हाला उत्तर देता येत नाही. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली वीसहून अधिक वर्षे फोटो स्टुडिओ चालवत आहे. घरच्यांच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशीही पहिली दहा-अकरा वर्षे उत्तर नव्हते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या व्यवसायात मी प्रेरणेने आलो नाही. बारावीला गुण कमी पडले आणि १९९८ मध्ये मामांनी ओळखीने मला कोल्हापुरातील एका स्टुडिओत मदतनीस म्हणून लावून दिले. लग्नात लाईट धरायचा, कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरून द्यायचा आणि रात्री डार्करूममधील, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतील, ट्रे घासून ठेवायचे, एवढेच माझे काम होते. रोलमध्ये छत्तीस फोटो असत आणि मालक एकेका फोटोचा हिशेब ठेवत. पासपोर्टचे कृष्णधवल फोटो आम्ही तेव्हा स्टुडिओतच धूत असू. लाल दिव्याच्या उजेडात डेव्हलपर या रसायनाच्या ट्रेमध्ये कोरा दिसणारा फोटोचा कागद सोडावा, ट्रे हलकेच हलवत राहावे आणि पाहता पाहता आधी केस, मग भुवया, मग डोळे असा एक अनोळखी चेहरा कागदावर उमटावा, हे पाहताना मला जो आनंद होत असे त्यालाच मी प्रेरणा समजत होतो. पुढे सगळे काम रंगीत लॅबकडे गेले, त्यानंतर डिजिटल कॅमेरे आले, डार्करूमची खोली बंद झाली आणि तो आनंदही तिच्याबरोबर संपला. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की कॅमेरा, लेन्स, एडिटिंग यांची गोडी लागणे फार चांगले असले, तरी साधन बदलले की त्याच्यावर बेतलेली ओढही पातळ होते, आणि या व्यवसायात साधने दर पाच-सात वर्षांनी बदलत असतात.

२००३ मध्ये मी स्वतःचा स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, साखरपुडे आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारा सीझन यांवर घर व्यवस्थित चालत होते. मात्र सकाळी शटर वर करताना मनात काहीच येत नसे. किराणा दुकान टाकले असते तरी दिवस तसाच गेला असता, असे त्या काळात अनेकदा वाटले.

२०१४ मधील एका दुपारी शेजारच्या वाडीतून साधारण पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. डोक्याचे केस नुकतेच काढलेले होते. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेले आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, “दादा, आईचा फोटो ह्यो एवढाच हाय. तेराव्याला लावायला मोठा करून देता का?” अशी कामे आमच्याकडे नेहमीच येत. कार्डावरचा अंगठ्याच्या नखाएवढा करडा फोटो स्कॅन करायचा, छपाईचे ठिपके घालवायचे, मागे निळा पडदा टाकायचा आणि बारा बाय पंधराची फ्रेम करून द्यायची. त्याही दिवशी मी तेच केले आणि त्यांना स्क्रीनसमोर बोलावले. ते बराच वेळ पाहत राहिले. शेवटी ओशाळून म्हणाले, “बाकी बराबर हाय, पर हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?”

कार्डावरच्या फोटोत ते गोंदण उतरलेच नव्हते. ठिपके घालवताना काही अंश राहिला असेल तर तोही मीच पुसला होता. मग त्या गृहस्थांनी स्क्रीनला बोट लावून दाखवले, मधे एक टिंब, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि खाली एक, आणि त्यांच्या बोटामागे माउस नेत मी त्यांच्या आईच्या हनुवटीवर चार हिरवट टिंबे काढली. ती माऊली आयुष्यभर आमच्याच बाजाराला येत होती. माझ्या दुकानावरून ती किमान हजार वेळा तरी गेली असेल, आणि तिचा नीट काढलेला एकही फोटो जगात नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारपासून, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवसापासून, मी दुकानाच्या उत्तरेकडील दारात एक खुर्ची मांडू लागलो. साठीच्या पुढच्या कोणाही माणसाने त्या खुर्चीत बसावे, मी फोटो काढावा आणि पुढच्या गुरुवारी त्याची प्रिंट विनामूल्य न्यावी, असा परिपाठ आजही चालू आहे. तिथे मी फ्लॅश वापरत नाही, कारण समोरून पडणाऱ्या फ्लॅशने सुरकुत्या सपाट होतात, कातडी चकाकते आणि गोंदण फिके पडते. दारातून एका बाजूने येणारा उजेड आणि दुसऱ्या बाजूला धरलेला एक पांढरा थर्माकोलचा तुकडा यांवर काम भागते. या कामातून पैसा मिळत नाही, परंतु या खुर्चीमुळे माझे पैसे मिळवून देणारे कामही बदलले. लग्नातही मी आता मांडवाच्या कडेला बसलेल्या आजी-आजोबांकडे आधी वळतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी घरचे लोक अल्बममधले नेमके तेच फोटो पुन्हा मागायला येतात.

प्रेरणेचा शोध बहुतेक जण ‘मला काय व्हायचे आहे’ या प्रश्नापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात, असे माझे मत आहे. ‘कोणाकडे किंवा कशाकडे पाहताना माझी नजर हटत नाही, आणि जे तिथे आहे ते नीट नोंदले जात नाही याची मला खंत वाटते का’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. शहर ज्यांच्याकडे पाहायचे टाळते, त्यांच्याकडे ते पाहत राहिले. पद्मश्री त्यांना २०१६ मध्ये, म्हणजे कितीतरी नंतर मिळाली. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष हे रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि एका जाहिरातसंस्थेत नोकरी करत होते. चेहऱ्यांच्या ओढीने ते व्यक्तिचित्रणाकडे वळले आणि मराठी घरांतील दोन पिढ्यांनी आपल्या आवडत्या कलावंतांचे चेहरे त्यांच्या नजरेने पाहिले. तुमची पदवी वाणिज्याची आहे हा अडसर नाही, हे यावरून ध्यानात येईल.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाईंचे सुरुवातीचे फोटो त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. नाव दुसऱ्याचे असताना त्या काम करत राहिल्या, स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ त्यांनी कॅमेऱ्यात धरून ठेवला, आणि नव्या छायाचित्रकारांचे वागणे पटेनासे झाले तेव्हा १९७० मध्ये हे काम सोडून दिले. पद्मविभूषण मिळाले ते २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. नावासाठी त्या कामाला चिकटल्या असत्या तर सुरुवात इतकी निमूटपणे आणि शेवट इतका ठामपणे झाला नसता. तुमचे नाव कुठेही येणार नाही असे ठरले तरी कोणते फोटो काढाल, याची एक यादी करून पाहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो.

मॉडेलिंगबद्दल मी कॅमेऱ्याच्या अलीकडून बोलतो आहे, हे आधीच स्पष्ट करतो. पुण्या-मुंबईतील कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी मी अधूनमधून काम करतो, आणि तिथे काय चालते ते तुम्ही एकदा जवळून पाहावे असे मनापासून वाटते. ऑनलाइन विक्रीच्या शूटमध्ये एका दिवसात तीस-चाळीस पोशाख बदलावे लागतात. एप्रिलमध्ये लोकरीचे स्वेटर घालून प्रसन्न दिसावे लागते. एकदा एका पैठणीच्या शूटमध्ये पदरावरचा मोर नीट दिसावा म्हणून एका मुलीने डावा हात खांद्याच्या उंचीवर धरला होता, आणि जरीवर पडणारी चकाकी मोडायला मला दर वेळी लाईट सरकवावा लागत होता. असा जवळजवळ पाऊण तास गेला. हात थरथरायला लागला की ती स्वतःच थांबत असे, दोन मिनिटे हात सोडत असे आणि पुन्हा बोटांच्या पेरापर्यंत तोच आकार धरत असे. नंतर मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली की विणकराने सहा महिने घातलेत, मी पाऊण तास तरी द्यायला हवा. मॉडेलिंगमधील प्रेरणेचे इतके स्पष्ट उत्तर मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. लोकांनी आपल्याकडे पाहावे ही इच्छा स्वाभाविक आहे, तिची लाज बाळगू नये. पण ती इच्छा पहिल्या दहा पोशाखांपर्यंत पुरते, पुढचे तीस पोशाख या कामाच्या आवडीवरच निघतात.

आणखी एक गोष्ट. या क्षेत्रात उतरण्यासाठी आपले बाकीचे आयुष्य मागे टाकावे लागते, असा समज करून घेऊ नका. नागपूरच्या मॉडेल मधू सप्रे मूळच्या खेळाडू. १९९२ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत, देशाचे नेतृत्व मिळाले तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी क्रीडासंकुल उभारण्याचे उत्तर दिले. ते उत्तर स्पर्धेच्या दृष्टीने चुकले असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले, त्यांना तिसरा क्रमांक मिळाला, पण ते उत्तर त्यांचे स्वतःचे होते. तुम्ही खेळत असाल, नाचत असाल, शेतात राबत असाल, तर ते अंगात मुरलेले वळण कॅमेऱ्यासमोर दिसते आणि तेच तुम्हाला इतरांपासून वेगळे करते.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण प्रेरणा बहुतेक वेळा हप्त्यांखाली दबून मरते. पहिल्याच वर्षी कर्ज काढून महागडा कॅमेरा घेऊ नका. कोणा जाणत्याच्या हाताखाली दोन सीझन राबा, गरज पडेल तेव्हा कॅमेरा भाड्याने आणा. मॉडेलिंगमध्ये नोंदणीसाठी किंवा ठरावीक ठिकाणीच पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक फोटोंचा संच, करून घेण्यासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. प्रामाणिक एजन्सी तुम्हाला काम मिळवून देते आणि त्या मानधनातून आपला हिस्सा घेते. सुरुवातीला खिडकीच्या उजेडात, साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय काढलेले समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे फोटो दाखवायला पुरेसे असतात. आमच्याकडे चातुर्मासात लग्ने नसतात आणि ते चार महिने खिसा रिकामा असतो; त्या काळात कोणी न सांगता तुम्ही काय करता यावरून तुमची ओढ तुम्हालाच कळेल. माझी खुर्ची भर पावसाळ्यातही दारात असते.

आता दोन्हींपैकी काय निवडावे, याविषयी. गावातील किंवा कॉलेजातील एखाद्या मित्राला बरोबर घ्या आणि दोन रविवार काढा. एका रविवारी तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे राहा, दुसऱ्या रविवारी कॅमेरा तुमच्या हातात असू द्या. मोबाईल असला तरी चालेल, पण दोन्ही दिवशी किमान चार तास द्या, कारण पहिला तास कोणालाही गंमत वाटते. दर थोड्या वेळाने फोटो पाहायला तुम्ही स्क्रीनकडे जाल, तेव्हा तुमची नजर आधी कुठे जाते ते पकडा. आपण सुंदर दिसलो का, हे पाहिलेत, की कापड कसे पडले, हात कुठे आला, उजेड गालावरून कुठवर उतरला, हे पाहिलेत? जे पाहिले असेल ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, कोणालाही दाखवू नका. असे आठ-दहा रविवार झाले की ती वही काढून सलग वाचा आणि मग घरच्यांसमोर बसा.