कॅप्टनला उठव

पोरी,

परवा फुटाळा तलावावर कणीस खाता खाता तू विचारलंस, काका, रात्री जहाजाच्या ब्रिजवर वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या ड्युटीवर असताना कॅप्टनला सारखं उठवलं तर एसीआर, म्हणजे वर्षाचा गोपनीय शेरा, खराब होतो का, पुढे रँकला नडतं का. मी हसून टाळलं. मग घरी येऊन झोपच लागेना, म्हणून हे लिहून राहिलो.

उठव. शंका आली की उठव. नाइट ऑर्डर बुकात, म्हणजे झोपायला जाण्याआधी रात्रीच्या सूचना लिहायच्या वहीत, कॅप्टन रोज तेच लिहितो आणि खाली तुझी सही घेतो, ती काय शोभेची असते का?

तुझा तो सीनियर म्हणतो सारखा फोन करणारा ऑफिसर कच्चा वाटतो. वाटू दे ना! मुलगी आहे म्हणून घाबरली असं म्हणतील हेही तुझ्या मनात आहे, बोलली नाहीस तरी कळलं मला. अगं, प्रेरणा देवस्थळी आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची कमांडिंग ऑफिसर झाली, तीही कधीतरी मिडल वॉचला, रात्री बारा ते चार, अंधारात उभी राहिलीच असेल.

अमेरिकेच्या फिट्झगेराल्ड या युद्धनौकेच्या अपघाताचा रिपोर्ट वाच. १७ जून २०१७, जपानजवळ, रात्रीचा दीड. वॉचवरच्या अधिकाऱ्याने स्टँडिंग ऑर्डर असूनही कॅप्टनला कळवलं नाही, मालवाहू जहाज येऊन धडकलं ते नेमकं कॅप्टन झोपला होता त्याच केबिनवर, आणि खालच्या झोपायच्या मेसमधले ७ नौसैनिक बुडाले.

आता माझं ऐक, हे घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही. माझ्याकडे जहाज होतं तेव्हा एक सब लेफ्टनंट होता, तुझ्याच वयाचा. एका रात्री त्याने मला दोनदा उठवलं, दोन्ही वेळा दिवे लांबच होते. दुसऱ्या वेळी मी फोनवर म्हणालो, "एवढ्यासाठी?" बस, एकच शब्द, पण जो टोन होता तो मला अजून ऐकू येतो. चारच दिवसांनी कोकण किनाऱ्याजवळ मच्छीमारांच्या गर्दीत एक मिणमिणता दिवा मोठा होत होता आणि त्याचं बेअरिंग, म्हणजे आमच्यापासूनची दिशा, बदलत नव्हतं. बेअरिंग बदलत नाही म्हणजे टक्कर, हे त्या पोराला पाठ होतं. तो फोनजवळ उभा राहिला आणि त्याने फोन केला नाही. शेवटच्या मिनिटाला व्हील फिरवलं, होडी वाचली, माणसं वाचली, जाळं आमच्या प्रोपेलरमध्ये गेलं. सकाळी डायव्हर खाली उतरले तर नायलॉन वितळून शाफ्टवर दगडासारखं बसलेलं, छिन्नीने फोडून काढावं लागलं. त्यातला मुठीएवढा तुकडा माझ्या टेबलावर आहे, तू बघितलास आणि पेपरवेट समजलीस.

चौकशीत मी लिहून दिलं की त्याने उठवलं नाही कारण मी त्याला उठवायचं नाही असं शिकवलं होतं. शुभचिंतक म्हणाले, जरा मोघम लिही, तुझा प्रमोशनचा बोर्ड जवळ आलाय. नाही लिहिलं मोघम. कमांडरपर्यंत टाइम स्केलने, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर जाता येतं, कॅप्टनपासून बोर्ड निवडतो, आणि त्याच्या वरच्या कमोडोरच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्याच कारणाने आलं नाही असं कोणी सांगत नसतं, पण मला जे समजायचं ते मी समजलो. (आणि नागपुरात कॅप्टन म्हटलं की लोकांना कामठीच्या आर्मी छावणीतला पंचविशीतला पोरगा वाटतो, नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं.)

पस्तावा आहे का? यादीचा आहे, थोडा, खोटं कशाला बोलू. त्या "एवढ्यासाठी"चा जास्त आहे. लिहून दिलं त्याचा नाही, आजही तसंच लिहीन, मग तुझी काकू काहीही म्हणो.

तुझा कॅप्टन खेकसेल, माझ्यासारखा. खेकसू दे, पुन्हा उठव. दहा वेळा उठव. आणि रँकचा हिशोब सब लेफ्टनंट असताना मांडू नकोस, राग येतो मला त्याचा.

रविवारी जायच्या आधी ये घरी. आणि येताना एवढं सांग, ब्रिजवरून कॅप्टनच्या केबिनचा नंबर तुला अंधारात, न बघता लावता येतो का?

तुझा
काका