विमा कंपनीने प्लास्टिक बंपरचे निम्मेच पैसे मंजूर केले, हे नियमाला धरून आहे का?
होय, पॉलिसी साधी सर्वसमावेशक असेल तर बंपरची निम्मी किंमत कापणे नियमाला धरूनच आहे. मात्र तशीच कपात काचेवर किंवा मजुरीवर केली असेल, तर अवश्य हरकत घ्या. प्रमाण पॉलिसीच्या अटींनुसार प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा (वापरामुळे घटलेल्या किमतीपोटी होणारी कपात) लागतो, काचेवर तो मुळीच लागत नाही आणि धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. रंगकामाचा हिशेब विशेष बारकाईने पाहा: तिथे ५० टक्के घसारा केवळ साहित्यावर असतो आणि बिल एकत्रित असल्यास साहित्य एकूण खर्चाच्या २५ टक्के धरले जाते, म्हणजे ८,००० रुपयांच्या रंगकामातून १,००० रुपयेच वजा व्हायला हवेत. त्यासाठी सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा, ती मिळणे हा तुमचा हक्क आहे. तुम्ही ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले असल्यास मात्र चित्र बदलते; मग बंपरवरील कपातीचे कारणही कंपनीला विचारा. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर मिळाले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.