सूट कितव्या गाडीपर्यंत?

वाचक विचारतात

या वेळी कोल्हापूर आणि आसपासच्या भागातनं आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची होती, सरकारी पैशातनं होणारी हायस्पीड रेल्वे आणि तिच्यात देशी मालाची सक्ती. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत.

प्रश्न : नमस्कार सर. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशिन शॉप आहे. अमेरिकेत सरकारी पैशातनं फास्ट रेल्वे करताना माल देशातलाच घ्यायचा असा कायदा आहे, तरी गाड्यांसाठी त्यातनं सूट देतात असं वाचलं. आपली बुलेट ट्रेन पण जपानची. आणि आमच्याकडनं मात्र साध्या कास्टिंगला सुद्धा लोकल कंटेंटचं, म्हणजे मालात देशी हिस्सा किती त्याचं, डिक्लेरेशन मागतात. मग मेक इन इंडिया काय फक्त बारक्यांसाठीच आहे का? जरा स्पष्ट लिहा.
– एक उद्योजक, शिरोली

उत्तर : दादा, स्पष्टच लिहितो. सूट द्यायला माझी हरकत नाही. पण ती किती गाड्यांना, कुठल्या तारखेपर्यंत आणि बदल्यात काय शिकवणार, हे आधी जाहीर झालं पाहिजे. तुमचा राग मला पटतो तो ह्याच जागी.

आधी अमेरिकेचं बघू. तिथं २००८ च्या पॅसेंजर रेल्वे कायद्यात अट आहे की केंद्राच्या अनुदानातनं होणाऱ्या प्रकल्पात पोलाद, लोखंड आणि कारखान्यात तयार झालेला माल अमेरिकेतलाच पाहिजे. सूट चारच कारणांवर मिळते. अट पाळणं लोकहिताचं नसेल, माल पुरेसा किंवा बऱ्या क्वालिटीचा देशात मिळतच नसेल, डबे-इंजिनं वाजवी वेळेत देशात मिळणार नसतील, नाहीतर देशी माल घेतल्यानं अख्ख्या प्रकल्पाचा खर्च २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार असेल. आणि ह्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सूट द्यायच्या आधी सरकारला त्याचं कारण लेखी छापायला लागतं आणि लोकांच्या सूचना-हरकती मागवायला लागतात, त्याला १५ दिवसांपर्यंतची मुदत असते. म्हणजे तिथल्या एखाद्या गावातला तुमच्यासारखा कारखानदार लिहून देऊ शकतो की अहो हा पार्ट मी करतो, माझं ड्रॉइंग बघा, सॅम्पल बघा, मग ठरवा.

सूट मागायची वेळ का आली, तर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढं पळणारी गाडी बनवणारा कारखानाच त्या देशात नव्हता. जपान १९६४ पासून शिंकानसेन चालवतोय, फ्रान्सची टीजीव्ही १९८१ ची, आणि अमेरिका ह्या बाबतीत मागंच राहिली. म्हणून अॅमट्रॅक ही तिथली सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी आणि कॅलिफोर्नियाच्या हायस्पीड रेल प्राधिकरणानं पहिल्या नमुना गाड्यांपुरती सूट मागितली होती, सगळ्या गाड्यांना नाही. पुढं २०१६ मध्ये अॅमट्रॅकनं अल्स्टॉमला २८ गाड्यांची ऑर्डर दिली, त्या न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल गावात बनल्या. गाडी मूळ फ्रेंच कंपनीची पण वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन तिथले. उशीर मात्र खूप झाला, २०२१ ला यायची गाडी ऑगस्ट २०२५ ला धावली, ते पण लपवून चालणार नाही. लास व्हेगासकडं जाणाऱ्या ब्राइटलाइन वेस्ट ह्या खाजगी रेल्वेला केंद्रानं ३ अब्ज डॉलर दिलेत, त्यांच्या गाड्यांसाठी जर्मनीच्या सीमेन्सनं न्यूयॉर्क राज्यातच हॉर्सहेड्सला कारखाना काढायचं ठरवलं. असा नियम नसता तर जर्मनीतला तयार कारखाना सोडून तिथं नवीन शेड घालायचं कारणच नव्हतं.

आता आपल्या आशियातलं, आणि हे तुम्ही जरा सावकाश वाचा. चीननं २००४ मध्ये फास्ट गाड्यांची टेंडरं काढली तेव्हा अट घातली की परदेशी कंपनीनं चिनी कारखान्याबरोबरच यायचं आणि तंत्र शिकवायचं. जपानच्या कावासाकीकडनं त्यांनी ६० गाड्या घेतल्या, त्यातल्या ३ जपानमध्ये तयार होऊन आल्या, ६ सुट्या भागांत आल्या आणि चीनमध्ये जोडल्या, राहिलेल्या ५१ चिंगदावच्या सिफांग कारखान्यात बनल्या. तीन, सहा, एक्कावन्न. कोरियानं १९९४ मध्ये फ्रेंचांशी करार केला, ४६ गाड्या, १२ फ्रान्समध्ये आणि ३४ कोरियात, आणि पुढं ते स्वतःच्या डिझाइनच्या गाड्या काढायला लागले. तैवाननं मात्र पहिल्या ३० च्या ३० गाड्या जपानहून तयार आणल्या. लाईन झकास चालली, २००७ पासून लोक खूश आहेत, पण जादा गाड्या घ्यायची वेळ आली तेव्हा भावावरनं वर्षानुवर्षं अडलं, टेंडरं रद्द करायला लागली, शेवटी २०२३ ला परत जपानशीच १२ गाड्यांचा करार झाला. घरात कोणाला करताच येत नसलं की भाव करायला जागा कुठं राहते.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. आज सगळीकडं दिसणारे लाल एलएचबी डबे बघा, पहिले २४ डबे जर्मनीहून आले, बरोबर टेक्नॉलॉजी ट्रान्सफर, आणि मग कपूरथळ्याच्या कोच फॅक्टरीत सुरू झालं काम. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या कोरियाच्या, नंतर बीईएमएल ह्या सरकारी कंपनीनं बेंगळुरूत केल्या. तेव्हा आपण नीट ठरवून केलं होतं.

बुलेट ट्रेनचं वेगळं झालं. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, सुरुवातीचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानच्या कर्जातनं. शिंकानसेनच्या तंत्रानंच लाईन करायची हे डिसेंबर २०१५ च्या करारातच ठरलं. म्हणजे सूट वेगळी मागायला किंवा छापायला लागलीच नाही, ती करारातनंच आत आली, आणि तुमच्यासारख्या कोणाला हरकत घ्यायला वावच नव्हता. मला खटकतं ते हे. बांधकामाची मोठी कंत्राटं भारतीय कंपन्यांना मिळाली, पूल, खांब, गर्डर आपल्या लोकांनी उभे केले ही चांगलीच गोष्ट. पण गाडीत, सिग्नलमध्ये, रुळात खरं शिकण्यासारखं असतं, आणि तिथं सुरुवातीची बरीच वर्षं आपण नुसतं गिऱ्हाईक राहिलो.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या आयसीएफनं, म्हणजे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यानं, बीईएमएलला दोन गाड्यांची ऑर्डर दिली, प्रत्येकी आठ डबे, डिझाइन स्पीड ताशी २८० किलोमीटर. एकूण रक्कम ८६६.८७ कोटी. डब्याचा भाव २७.८६ कोटी, सोळा डब्यांचे झाले साधारण ४४६ कोटी. मग उरलेले सव्वाचारशे कोटींच्या आसपास कशाचे? डिझाइन, जिग-फिक्श्चर, टूलिंग, टेस्टिंगची सोय, एकदाच करायचा खर्च. तुमच्याकडं नवीन कास्टिंगची चौकशी आली की तुम्ही पॅटर्नचे, म्हणजे ज्यावरनं साचा उठवतात त्या नमुन्याचे, पैसे वेगळे लावता ना, तसंच हे. पहिला पीस महाग दिसतो, पण पॅटर्न आपल्या रॅकवर राहतो. जपानहून तयार गाडी आली तर तो पॅटर्न तिकडंच राहतो.

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर. जून २०१७ च्या सरकारी खरेदीच्या आदेशाप्रमाणं ५० टक्के किंवा जास्त देशी हिस्सा असेल तर क्लास वन सप्लायर, २० ते ५० असेल तर क्लास टू. २०२० पासून २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला साधारणपणे ग्लोबल टेंडर काढता येत नाही. हा नियम तुमच्या फायद्याचा आहे, तो कागद द्यायचा कंटाळा करू नका, तुमच्या आकड्यावर तुमच्या गिऱ्हाइकाचा आकडा उभा असतो. खात्याला मंत्र्यांच्या मंजुरीनं अट सैल करता येते आणि कारणं नोंदवायला लागतात, पण त्यात लोकांच्या हरकती मागवायची पायरी नाही. ती पायरी आपल्याकडं आली पाहिजे, ह्यासाठी तुमच्या असोसिएशननं खासदारांकडं निवेदन द्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सर मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. सूट वगैरे बंदच करून टाकायची, सगळं शंभर टक्के इथंच बनवा म्हणायचं. मग आपोआप कारखाने येतील ना?
– विद्यार्थी, कागल

उत्तर : आपोआप येत नाहीत रे. दोन उदाहरणं देतो, दोन्ही वंदे भारतची.

पहिलं चांगलं. २०२० मध्ये ४४ गाड्यांच्या विजेच्या सिस्टिमचं टेंडर रद्द झालं, नव्यानं काढताना किमान ७५ टक्के देशी हिस्सा पाहिजे अशी अट घातली, आणि काम हैदराबादच्या मेधा कंपनीला मिळालं. अट कडक झाली तरी चाललं, कारण मेधानं त्याआधीच पहिल्या वंदे भारतला ती सिस्टिम दिली होती. करणारा माणूस होता.

दुसरं चाकांचं. बेंगळुरूजवळ येलहंकाला रेल्वेचा चाकांचा मोठा कारखाना आहे, पण तिथं ओतीव चाकं होतात, आणि वंदे भारतला फोर्ज्ड म्हणजे तापवून दाबून घडवलेली लागतात. ती आपण युक्रेनहून मागवली होती. २०२२ ला युद्ध पेटलं आणि चाकं तिकडं अडकली, काही ट्रकनं रोमानियात काढून तिथनं विमानानं आणायला लागली. गाडीचं चाक विमानानं! त्या दिवशी शंभर टक्क्याचा नियम असता तरी चाक कुठनं आणलं असतं? त्यानंतर जे केलं ते खरं काम, रामकृष्ण फोर्जिंग आणि टिटागढच्या जोडीला ठेका दिला, वर्षाला ८० हजार चाकं रेल्वे घेणार, वीस वर्षं. एवढी मोठी आणि लांबची ऑर्डर हातात असली की बँक कर्ज देते, मग प्रेस येतो, मग माणसं शिकतात. म्हणून नुसती सक्ती पुरत नाही, पुढची ऑर्डर दिसायला लागते. तू फोर्जिंग आणि मेटलर्जीकडं नीट लक्ष दे, कॉलेजात तो विषय पोरं ऑप्शनला टाकतात असं ऐकतो.

प्रश्न : जपाननं ०.१ टक्के व्याजानं ५० वर्षांसाठी पैसे दिलेत. जवळजवळ फुकटच की. मग माल त्यांचा घेतला तर बिघडलं काय?
– निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : गुरुजी, व्याज स्वस्त आहे हे खरं, पहिली १५ वर्षं मुद्दल पण फेडायचं नाही. पण कर्ज येनमध्ये आहे, फेडताना येन महागला तर रुपये जास्त जाणार. आणि कर्जाबरोबर मालाचं बंधन आलं की स्पर्धा कमी होते, बोली लावणारे मोजकेच, मग व्याजात वाचलेलं भावात किती जातं ते बघायला लागतं. जपानच्या बांधील कर्जाच्या एका योजनेत तर किमान ३० टक्के खरेदी जपानी मालाची लागते असा उघड नियमच आहे. त्यात त्यांची काही चूक नाही, ते त्यांच्या कामगाराचं बघतात. आपण करारावर सही करताना आपल्या कामगाराचं बघावं, एवढंच.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. मालक म्हणतात रेल्वेचं काम म्हणजे कटकट. खरंच आपल्या भागाला ह्यात काही मिळण्यासारखं आहे का?
– एक ताई, उजळाईवाडी

उत्तर : ताई, आहे, आणि मालकांना हे वाचून दाखवा. कोल्हापूरच्या भट्ट्या ट्रॅक्टर, ट्रक, पंपाच्या कास्टिंगवर मोठ्या झाल्या, एसजी आयर्न म्हणजे ते चिवट बीड आपल्या लोकांच्या हातात बसलंय. रेल्वेच्या सिमेंटच्या स्लीपरमध्ये रूळ पकडायला जे इन्सर्ट असतात ते एसजी आयर्नचेच. बेअरिंग हाऊसिंग, गिअर केस, मोटरचे बॉडी पार्ट, ब्रेकचे ब्रॅकेट, ही पण ओतकामाचीच कामं.

रस्ते दोन. एक थेट रेल्वेचा, त्यात आरडीएसओ (रेल्वेची डिझाइन आणि दर्जा ठरवणारी संस्था) किंवा कोच फॅक्टरीच्या व्हेंडर लिस्टमध्ये नाव लागायला लागतं, अर्ज युव्हीएएम पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, आधी डेव्हलपमेंटल व्हेंडर म्हणून थोडा माल, तो नीट गेला की पुढं. वेळ लागतो, मालकांचं तेवढं खरं आहे. दुसरा रस्ता म्हणजे गिअरबॉक्स, ब्रेक, मोटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना माल द्यायचा, तिथं तुम्हाला रेल्वेच्या लिस्टीत असायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, कंपनीचं ऑडिट पास व्हायला लागतं, काही जण आयएसओ २२१६३ हे रेल्वेचं क्वालिटी सर्टिफिकेट मागतात.

तुमच्या खात्याचं काम इथं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑडिटला येणारा माणूस फेटलिंगच्या, म्हणजे घासून साफ करायच्या, ढिगातनं एक कास्टिंग उचलतो, त्यावरचा हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या घाण्यातला माल तो आकडा) वाचतो आणि म्हणतो, ह्या हीटचा स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे त्याचा, रिपोर्ट दाखवा, टेन्साइल म्हणजे ताणाची टेस्ट दाखवा, वाळूचं रीडिंग दाखवा, त्या पाळीत भट्टीवर कोण होतं सांगा. हे जिथं पाच मिनिटांत निघतं तिथं काम मिळतं. वहीत असेल तर कॉम्प्युटरवर घ्या, आणि मागचे रिपोर्ट टाकून देत असाल तर उद्यापासून जपून ठेवायला लागा. लोकल कंटेंटचं डिक्लेरेशन करताना पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो अलॉय ह्यातलं काय आयात केलेलं आहे ते सप्लायरकडनं लिहून घ्या. चुकीचं डिक्लेरेशन निघालं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतनं बाहेर काढतात, त्यामुळं अंदाजानं आकडा टाकू नका. पोर्टलवरचा अर्ज भरताना कुठं अडलात तर पत्र पाठवा, पुढच्या अंकात एकेक रकाना घेऊन लिहीन.