वडील ७२ वर्षांचे आहेत, ५० वर्षं सिगारेट ओढतात. आता सोडून काही उपयोग होईल का, की उलट त्रासच होईल?

उपयोग होईल. पण किती आणि कशात, ते नीट सांगायला हवं. या वयाच्या माणसाला "सोडा, दहा वर्षं जास्त जगाल" असं सांगितलं तर ते खरं नसतं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्वासाचे आजार असलेल्यांचे व्यायाम घेते. माझ्याकडे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. त्यामुळे अशा घरांत ऐकू येणारी दोन वाक्यं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. वडील म्हणतात, "जे व्हायचं ते होऊन गेलं." आणि नातेवाईक म्हणतात, "त्यांच्या मित्राने सोडली आणि सहा महिन्यांत गेला."

आधी आयुष्याचा हिशोब. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेवून पुढची ५० वर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सतत ओढत राहिलेले लोक, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ही १० वर्षं जवळजवळ सगळी वाचली, ५०व्या वर्षी सोडणाऱ्यांची ६ आणि ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांची ३. त्यापुढे आकडा आणखी लहान होत जातो. अमेरिकेतल्या २०२४ च्या एका अभ्यासाने ६५व्या वर्षी सोडल्यास सरासरी १.७ वर्षं आणि ७५व्या वर्षी सोडल्यास ०.७ वर्ष असा अंदाज काढला. ही सरासरी आहे, म्हणजे त्यात काहीच न मिळालेले लोकही आहेत आणि बरीच वर्षं मिळालेलेही. तुमचे वडील त्यातले कोणते, हे आधी कुणालाच सांगता येणार नाही.

मला स्वतःला या वयात वर्षांपेक्षा जिन्याचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. एक मजला न थांबता चढता येतो का, आंघोळ झाल्यावर खुर्चीत बसून धाप घालवावी लागते का, हा. फुफ्फुसांची ताकद मोजताना जोरात फुंकलेल्या श्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहतात. ती प्रत्येकाचीच वयानुसार थोडी थोडी कमी होते. फुफ्फुसांत अडथळा सुरू झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षं अभ्यास झाला आहे. त्यात सुरुवातीलाच सोडलेल्या पुरुषांमध्ये ही घट वर्षाला साधारण ३० मिलीलिटर होती, तर ओढत राहिलेल्यांमध्ये ६६. ते लोक तुमच्या वडिलांपेक्षा तरुण होते, पण दिशा तीच राहते. दहा वर्षांत हा फरक साडेतीनशे मिलीलिटरच्या वर जातो. ज्याची मुळात दीड लिटरच उरली आहे, त्याच्या बाबतीत स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता येणार की नाही, हे एवढ्या फरकावर ठरू शकतं. गेलेली ताकद मात्र परत येत नाही. फुफ्फुसांतले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, एकदा फुटले की पुन्हा तयार होत नाहीत. जे मिळतं ते उतार मंदावण्यात मिळतं, आणि हे वडिलांना आधीच सांगावं, नाहीतर दोन महिन्यांनी "काय फरक पडला?" म्हणून पुन्हा पेटवतील.

हृदयाचं गणित जास्त आशेचं आहे. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती काही आठवड्यांत कमी होते, आणि हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण वर्षभरात बराच खाली येतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला दहा वर्षं लागतात, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या माणसापुढे मी कर्करोगाचा विषय फार ताणत नाही. "एवढी वर्षं नाही झाला, आता काय होतो" हे उत्तर तयारच असतं.

"मग वीसवरून दोनवर येतो, चालेल ना?" हा त्याच्या पुढचा प्रश्न. हृदयापुरतं बोलायचं तर फारसं चालत नाही. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही वीस ओढणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा वाढीव धोका दिसला. कमी करणं ही सोडण्याकडे जायची पायरी म्हणून ठीक आहे, मुक्काम म्हणून नाही. बाकी मोतीबिंदू, डोळ्याच्या पडद्याची झीज, खुब्याचं हाड मोडणं, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश या म्हातारपणाच्या बहुतेक तक्रारींत धूम्रपानाचा हात आहे. एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान चार आठवडे आधी सोडावी, जखम भरायला आणि श्वासाला फरक पडतो.

आता तो सहा महिन्यांत गेलेला मित्र. अशा गोष्टी खोट्या नसतात, फक्त त्यांचा क्रम उलटा सांगितला जातो. पुष्कळ लोक सिगारेट सोडतात ती आतून काहीतरी बिघडल्याचं जाणवल्यावर: वजन उतरतं, थुंकीत रक्त दिसतं, धाप वाढते. आजार आधीच मुरलेला असतो, निदान नंतर होतं आणि दोष सोडण्यावर जातो. शिवाय पहिले काही आठवडे खोकला खरोखरच वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतली बारीक लव पुन्हा हलायला लागते आणि साचलेला कफ वर ढकलते. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठता हेही होतं. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, महिन्याभरात बहुतेक निवळतं. पण रक्त पडलं, वजन उतरत राहिलं किंवा खोकला लांबला, तर "सोडल्यामुळे असेल" म्हणून घरी बसू नका.

एकदम सोडण्याने शरीराला धोका होतो का? दारू अचानक बंद केल्यावर होऊ शकतो, तसा निकोटिनच्या बाबतीत नसतो. मात्र एक खरी अडचण आहे आणि घरच्यांना ती क्वचितच कुणी सांगतं. सिगारेटच्या धुरातले काही पदार्थ यकृताला काही औषधं भराभर मोडायला लावतात. धूर थांबला की आठवड्याभरात यकृताचा हा वेग उतरतो आणि तीच गोळी अंगात जास्त साचते. दम्यासाठी किंवा सीओपीडीसाठी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) दिलं जाणारं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची ओलँझापिन आणि क्लोझापिन ही यातली महत्त्वाची. मळमळ, धडधड, हात थरथरणं, गुंगी असं काही सुरू झालं की माणूस म्हणतो, "बघा, सोडली तर त्रास झाला." त्रास वाढलेल्या मात्रेचा असतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी लागते, इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखरेवर नजर ठेवावी. कॅफिनचंही तसंच होतं, त्यामुळे चहा-कॉफी निम्मी केली तर झोप आणि चिडचिड दोन्हींत फरक पडतो. निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावला तरी हे सगळं लागू राहतं, कारण हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे.

पॅच आणि निकोटिनच्या गमला (चावायच्या च्युइंगगमला) घाबरू नका. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर गम सहसा ४ मिलिग्रॅमची देतात, नाहीतर २ ची. ती सतत चघळायची नसते. थोडी चावून गालात धरून ठेवायची, नाहीतर उचकी आणि जळजळ होते. कवळी असेल तर गम चिकटते, मग पॅच किंवा निकोटिनची चोखायची गोळी बरी. नुसता पॅच पुरत नसेल तर जोडीला गम किंवा गोळी देतात, एकत्र जास्त काम करतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. सिगारेटची तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिन ही गोळीही चांगली आहे, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा डोस कमी ठेवावा लागतो.

वयस्कर लोक सोडायचा प्रयत्न कमी वेळा करतात, पण केला तर तरुणांपेक्षा मागे पडत नाहीत. एका प्रयत्नात जमलं नाही तर ते नेहमीचंच समजा आणि घरात त्यावरून टोमणे नकोत. घरी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर मात्र त्या खोलीत एकही सिगारेट पेटता कामा नये. तिथे भीती आगीची आहे आणि त्याबाबत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची यादी न्या आणि एकदा श्वासाची फुंकर-चाचणी करून घ्या, म्हणजे वर्षभराने ताडून पाहायला आकडा हातात राहील. वर सांगितलेल्यांपैकी एखादं औषध यादीत असेल, तर सोडायची तारीख ठरवण्याआधीच त्याचा डोस कधी आणि किती बदलायचा ते विचारून ठेवा.