फ्रेंच फार्महाऊस ब्लॉन्ड : कुबट वास हा गुण की दोष?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : उत्तर फ्रान्समधल्या लीलहून कॉर्कची ७५ सेंटीलिटरची ब्लॉन्ड (सोनेरी रंगाची) 'बिएर द गार्द' ही बिअर आणली आणि चौघांत उघडली. तुम्हाला बंद तळघरासारखा कुबट वास आला म्हणून तुम्ही ५ पैकी २.५ दिले. मित्र म्हणाले, "फार्महाऊस आहे, असाच वास यायला हवा," आणि त्यांनी ४.२५ दिले. बरोबर कोण?

माझ्या मते तुम्ही. या प्रकारच्या बिअरबद्दल हा गैरसमज इतका पसरलाय, की सविस्तर लिहितो.

बिएर द गार्द ही फ्रान्सच्या अगदी उत्तरेकडची, बेल्जियमच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातली बिअर. पूर्वी तिथल्या शेतांवर ती थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला बनवत. उन्हाळ्याच्या उष्म्यात यीस्ट कसं वागेल याचा भरवसा नसे, बिअर आंबून फुकट जायची. म्हणून गार दिवसांत बनवायची, गार तळघरात ठेवायची आणि पुढे पुरवून प्यायची. म्हणजे तळघर होतं ते बिअर स्वच्छ राहावी, निवळावी, मुरावी यासाठी. तळघराचा वास बिअरला लागावा असा कुणाचाच हेतू नव्हता. आजही चांगल्या ब्रुअऱ्या आंबवण झाल्यावर बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास थंड ठेवतात, आणि त्या थंडीतच तिला तो गोल, गुळगुळीत सफाईदारपणा येतो.

पहिल्या महायुद्धात हा सगळा पट्टा आघाडीवर सापडला. जर्मन सैन्याने ब्रुअऱ्यांची तांब्याची भांडी काढून नेली आणि बऱ्याच ब्रुअऱ्या पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. ज्या राहिल्या किंवा नव्याने निघाल्या त्यांतली एक म्हणजे व्हॅलेन्सिएनजवळच्या जाँलँ गावातली, १९२२ साली सुरू झालेली डुइक कुटुंबाची ब्रुअरी. शॅम्पेनच्या बाटलीत कॉर्क लावून बिअर विकायची त्यांची पद्धत पुढे या प्रकाराची ओळखच बनली. १९७० च्या दशकात लीलच्या विद्यार्थ्यांनी त्यांची तांबूस बिअर डोक्यावर घेतली आणि हा प्रकार पुन्हा चर्चेत आला. ब्लॉन्डची गोष्ट त्यानंतरची. सँ-सिल्व्हेस्त्र-कापेल गावची 'त्र्वा माँ' १९८४ साली आली. सपाट फ्लँडर्समधून वर डोकावणाऱ्या तीन टेकड्यांवरून तिचं नाव ठेवलंय. अल्कोहोल ८.५ टक्के, आणि कॉर्कवर तारेच्या जाळीऐवजी जाड लोखंडी पट्टी.

आता मित्रांच्या गोंधळाचं मूळ. 'फार्महाऊस' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, बेल्जियमची सेझाँ. तूर्प गावची द्यूपाँ हे तिचं ठळक उदाहरण : कोरडी, फसफसती, मिरीसारखी तिखटसर, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा स्पष्ट. दुसरी, ही फ्रेंच बिएर द गार्द, जिच्यात माल्ट (मोड आणून भाजलेलं धान्य) पुढे असतो आणि यीस्ट मागच्या रांगेत. तिसरी म्हणजे अलीकडे अमेरिकेत आणि इतरत्र ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात 'ब्रेट') नावाचं जंगली यीस्ट घालून बनवलेल्या, चामड्याच्या, गोठ्याच्या वासाच्या आंबट बिअर. तिसरीची अपेक्षा ठेवून दुसरीला गुण दिले, तर दोष हाच गुण वाटू लागतो. शिवाय ब्रेटचा वास वेगळा आणि बुरशीचा वेगळा. ओलं गोणपाट, पावसाळ्यात बंद राहिलेलं कपाट, भिजलेला पुठ्ठा या बाजूचा वास असेल तर तो ब्रेट नव्हे.

मग तो येतो कुठून? बहुतेक वेळा कॉर्कमधून. कॉर्कवरच्या बुरशीमुळे ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं कुबट वासाचं रसायन तयार होतं आणि ते नगण्य प्रमाणातही नाकाला कळतं. वाईनच्या जगात अशी बाटली दुकानदार निमूट बदलून देतो. बिअरच्या जगात तिलाच 'रस्टिक', म्हणजे गावरान, म्हणून दाद मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसरं कारण ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिअर शिळी होणं : जुनी झालेली, गरम गोदामात पडून राहिलेली बाटली. बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची संस्था जी शैलीपत्रिका काढते, तिनेही या प्रकाराखाली हेच म्हटलंय, की पुस्तकांतून वर्णन केला जाणारा तो तळघरी वास हा नीट न हाताळलेल्या आयात बाटल्यांचा परिणाम आहे, ताज्या अस्सल बिअरचा नाही. भारतात येणाऱ्या बाटल्या समुद्रमार्गे, उन्हातून, महिनोन्महिन्यांनी पोचतात, त्यामुळे मुंबई-पुण्यात ही चव घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं.

खात्री करायला सोपी परीक्षा आहे. ग्लास वीस मिनिटं तसाच ठेवा. गंधकासारखा, उकडलेल्या अंड्याच्या बाजूचा हलका वास असेल तर तो उडून जातो. कॉर्कचा कुबटपणा जात नाही. बिअर कोमट होते तसा तो उलट अधिक उघडा पडतो आणि बाकीचे सुवास दाबून टाकतो.

चाखताना तापमानाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फगार, ही सवय लागर, म्हणजे आपली नेहमीची हलकी बिअर, पिऊन लागलेली. ही बिअर ८ ते १२ अंशांवर प्यायची. फ्रिजमधून काढून काही वेळ बाहेर ठेवा. ग्लास देठाचा, ट्यूलिपसारखा, आणि त्यावर साबणाचा अंशही नको, नाहीतर फेस बसतो आणि तुम्ही बिचाऱ्या बिअरचे गुण कापता. ग्लास अर्धाच भरा. आधी हुंगा, मग बघा, कारण सुवासातला सगळ्यात नाजूक भाग पहिल्या मिनिटातच निघून जातो. सोबत साधा पाव आणि पाणी. चिवडा, चकली, मसाला शेंगदाणे गुण लिहून झाल्यावर. मार्वाल नावाचं तिथलंच उग्र चीज या बिअरबरोबर फार सुंदर लागतं, पण तेही नंतर.

ब्लॉन्डमध्ये काय शोधायचं? नुकत्याच भाजलेल्या पावाच्या कवचाचा, बिस्किटाचा, किंचित मधाचा माल्ट. हॉप्स मागे, गवताळ किंवा फुलासारखे. ब्लॉन्डमध्ये ते तांबूस भावंडापेक्षा थोडे जास्त चालतात. फळांचा सुवास अगदी बेताचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोट गिळल्यावर तो कोरडा संपला पाहिजे. माल्टचा गोडवा जिभेच्या टोकाला जाणवतो, पण घशाशी साखर उरत नाही. आठ टक्क्यांची बिअर घशात नुसती ऊब देऊन गेली, जळजळ नाही केली, तर बनवणाऱ्याला मी सलाम करतो. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला, उकडलेल्या मक्याचा आला, तर गुण कापा. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतली बिअर उजेडात राहिली की हॉप्समधले घटक फुटून एक उग्र दर्प सुटतो, तोही दोषच.

गुणांसाठी मी बीजेसीपीची ५० गुणांची पद्धत वापरतो : सुवास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण ठसा १०. दिसण्याला फक्त ३ गुण आहेत हे लक्षात ठेवा. सुंदर बाटली आणि कॉर्कच्या आवाजाने माणसं भुलतात, आणि या पद्धतीत तो मोह आपोआप आवरतो. ताज्या त्र्वा माँला माझे गुण साधारण असे पडतात : सुवास ९, दिसणं ३, चव १६, भरीवपणा ४, एकूण ठसा ८, म्हणजे ४०. ही 'उत्कृष्ट' पट्टी, ३८ ते ४४ ची. सोनेरी रंग, बराच वेळ टिकणारा पांढराशुभ्र फेस, वाईनकडे झुकणारा कोरडेपणा. चवीचे चार गुण कापतो ते कधीकधी शेवटी अल्कोहोल जरा पुढे येतं म्हणून.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या बाटलीला मी सुवास ४, दिसणं ३, चव ८, भरीवपणा ४, एकूण ठसा ३ असे २२ दिले असते. पाचाच्या मापात २.२. तुमचे २.५ त्याच्या जवळच आहेत, आणि ते तुम्ही कुठलाही तक्ता न बघता दिलेत.

मित्रांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. बिअरला गुण द्यायच्या अॅपवरचे पाचापैकी तारे 'मला किती आवडली' यासाठी असतात आणि तिथे ४.२५ द्यायला कुणाची हरकत नाही. पण 'या प्रकारात अशीच असते' हा दावा शैलीचा आहे, आवडीचा नाही, आणि तो चुकीचा आहे. मी वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहितो. त्यामुळे काही बिअर शैलीत ५० पैकी ४० आणि आवडीत ५ पैकी ३ अशाही निघतात, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

एक मात्र करू नका : त्या एका बाटलीवरून ब्रुअरीवर निकाल देऊ नका. कॉर्क बाटलीगणिक वेगळा. नोंदीत 'ही बाटली सदोष' असं लिहा आणि तीच बिअर ३३ सेंटीलिटरच्या, पत्र्याच्या झाकणाच्या बाटलीत मिळाली तर घेऊन बघा. कुबटपणा तिथे नसेल तर कॉर्कच दोषी.

तुलनेसाठी अजून दोन सुचवतो. लाँसजवळच्या कास्तलँ ब्रुअरीची 'श्ती' ब्लॉन्ड, ६.४ टक्के, मऊ आणि स्वच्छ, लागर पिणाऱ्यांना लगेच पटणारी. आणि एस्केलबेक गावच्या तिरिए ब्रुअरीची ब्लॉन्ड, ६.५ टक्के. ही ब्रुअरी १९९६ ची, तिची बिअर अधिक गावरान, यीस्टचा मसालेदारपणा पुढे, जवळपास सेझाँच्या उंबरठ्यावर. घरी बिअर बनवणाऱ्यांत 'फ्रेंच सेझाँ' म्हणून प्रसिद्ध असलेलं ३७११ क्रमांकाचं यीस्ट मूळचं इथलंच, असं मानलं जातं. मित्रांना 'रस्टिक' म्हणजे काय ते दाखवायचं असेल तर हीच बाटली द्या : गावरानपणा भरपूर, कुबटपणा शून्य.

आणि पुढच्या वेळी बाटल्यांना कागद गुंडाळा, चौघांनी आपापले गुण आधी लिहून काढा, मग बोलायला सुरुवात करा. पहिला माणूस मोठ्याने "वा, काय फार्महाऊस आहे!" म्हणाला की बाकीच्या तिघांची नाकं त्याच्या मागे जातात. श्तीपासून सुरुवात करून त्र्वा माँ शेवटी ठेवा, कारण साडेआठ टक्क्यांनंतर साडेसहाची बिअर पाणचट वाटते आणि तिचे गुण विनाकारण जातात.